गुहा कुणाच्या, हॉटेल कुणाचे? माटेराच्या इतिहासातून आपण काय घ्यावे

इटलीच्या दक्षिणेला बासिलिकाता नावाचा प्रांत आहे. त्या प्रांतातल्या माटेरा शहरात खोल दरीच्या काठावर मऊ चुनखडी दगडात कोरलेल्या शेकडो गुहा एकीवर एक रचल्यासारख्या दिसतात. या वस्तीला 'सास्सी' म्हणतात. सास्सी म्हणजे दगड. याच वस्तीत २००९ पासून 'सेक्स्टँटिओ ले ग्रोत्ते देल्ला चिविता' नावाचे एक आलिशान हॉटेल चालते. दानिएले किलग्रेन या स्वीडिश-इटालियन उद्योजकाने जुन्या गुहा दुरुस्त करून त्यात १८ खोल्या केल्या. भिंती मुद्दाम खडबडीत ठेवल्या. गुरे बांधायच्या खुणाही पुसल्या नाहीत. उजेड मेणबत्त्यांचा, पलंग साधा लाकडी, पण फरशीखाली उष्णतेची सोय आणि गुहेच्या मध्यभागी न्हाणीचा देखणा टब. सकाळची न्याहारी पूर्वी चर्च असलेल्या गुहेत मिळते. एका रात्रीचे भाडे शेकडो युरो.

या गुहांमध्ये सत्तर-पंचाहत्तर वर्षांपूर्वी शेतमजुरांची कुटुंबे खेचरासह, डुकरासह, कोंबड्यांसह एकाच खोलीत राहत होती. तेव्हा इटलीने या वस्तीला देशाची लाज म्हटले आणि कायदा करून माणसे बाहेर काढली. आज तीच वस्ती देशाचा अभिमान आहे.

लाजेचा अभिमान झाला, पण ज्यांनी ती लाज अंगावर वागवली त्यांचे काय झाले? हा प्रश्न आम्ही विचारतो आहोत, कारण वस्तीतून उठवलेल्या माणसांचा इतिहास आपल्या ओळखीचा आहे.

गुहा गरीब कधी झाल्या?

पर्यटन कंपन्यांची पत्रके सांगतात की माटेरात माणूस हजारो वर्षांपासून गुहेत राहतो. ते खोटे नाही. प्रागैतिहासिक काळापासून इथे वस्ती आहे. मध्ययुगात साधूंनी आणि गावकऱ्यांनी दगडात दीडशेहून अधिक चर्च कोरली. पावसाचा थेंब न थेंब साठवण्यासाठी उतारावर पन्हळी आणि पोटात टाकी खोदली. एका घराचे छप्पर म्हणजे वरच्या घराचे अंगण. पाच-दहा घरे मिळून एक चौक, त्या चौकात सामाईक टाके. पाव भाजायला सार्वजनिक भट्ट्या. आपला पाव ओळखू यावा म्हणून प्रत्येक घराचा लाकडी शिक्का असे आणि तो कणकेवर उठवला जाई. ही अडाण्यांची नव्हे, अत्यंत हुशार माणसांची वस्ती होती.

ही माणसे मुकाट्याने सोसणारीही नव्हती. जोवान्नी कार्लो त्रामोन्तानो नावाच्या सरंजामदाराने करांचा बोजा लादला, तेव्हा २९ डिसेंबर १५१४ रोजी माटेराच्या लोकांनी त्याला ठार केले. तो बांधत असलेला किल्ला आजही अर्धवट उभा आहे. ज्या गल्लीत हे घडले तिचे नाव 'रिस्कात्तो', म्हणजे मुक्ती.

माटेरा १६६३ पासून बासिलिकाताची राजधानी होती. १८०६ मध्ये राजधानी पोटेन्झाला गेली आणि शहराचा कणा मोडला. त्याच शतकात गावाची सामाईक राने आणि चराऊ जमिनी खाजगी मालकीत गेल्या. १८६१ मध्ये इटली एक झाली. चर्चच्या जमिनी लिलावात निघाल्या, पण त्या विकत घेतल्या त्या पैसेवाल्यांनी. कसणाऱ्याच्या हाती काही आले नाही. श्रीमंत घरे दरी सोडून वरच्या सपाट भागात गेली. खाली माणसे वाढली, घरे वाढली नाहीत. मग धान्याची कोठारे, गोठे आणि कोरडी पडलेली पाण्याची टाकीसुद्धा 'घर' झाली. टाक्यात माणसे राहू लागली तेव्हा त्या वस्तीचे पाण्याचे गणितही कोसळले.

म्हणून हे नीट लक्षात ठेवले पाहिजे: सास्सी प्राचीन आहे, पण सास्सीतले दारिद्र्य प्राचीन नाही. ते एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकात तयार केले गेले. त्याला कायदे होते, लिलाव होते, खरेदीखते होती. दारिद्र्याला 'प्राचीन' म्हटले की ते डोंगरासारखे, नदीसारखे नैसर्गिक वाटू लागते आणि ते निर्माण करणारा सुटून जातो. आपल्याकडे 'पूर्वापार चालत आले आहे' या चार शब्दांनी किती गुन्हे झाकले गेले, हे आपल्याला कुणी वेगळे सांगायला नको.

माणूस म्हणून मोजणी

१९३५ मध्ये मुसोलिनीच्या राजवटीने कार्लो लेवी या तुरीन शहरातल्या ज्यू चित्रकाराला बासिलिकातात हद्दपार केले. लेवी शिक्षणाने डॉक्टर होता. त्याने पाहिलेले दक्षिणेचे जग 'ख्रिस्त एबोलीला थांबला' या नावाच्या पुस्तकात १९४५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्या नावाचा अर्थ समजून घेण्यासारखा आहे. तिथल्या शेतकऱ्यांच्या बोलीत 'ख्रिश्चन' म्हणजे माणूस. ख्रिस्त आमच्यापर्यंत आलाच नाही, वाटेत एबोली गावातच थांबला, याचा अर्थ आमची गणना माणसात झालीच नाही. लेवीची बहीणही डॉक्टर होती. तिने माटेरात पाहिलेली मुले त्या पुस्तकात येतात. खुपरीने डोळे गेलेली, मलेरियाने पोट फुगलेली. परक्या बाईमागे धावत ती पैसे मागत नाहीत, गोळ्या-बिस्किटे मागत नाहीत. ती क्विनाइन मागतात.

माणसात गणना नसणे म्हणजे काय, हे महाडच्या तळ्यावर गेलेल्यांच्या वारसांना समजावून सांगावे लागत नाही.

दक्षिणेची ही अवस्था का, याचे उत्तर इटलीतल्या 'विद्वानांनी' आधीच तयार ठेवले होते. चेझारे लोम्ब्रोझो आणि आल्फ्रेदो निचेफोरो यांच्यासारख्या अभ्यासकांनी कवट्या मोजून सांगितले की दक्षिणेतले लोक वंशानेच हीन आहेत. निचेफोरोचे या विषयावरचे पुस्तक १८९८ चे आहे. त्याच सुमारास आपल्याकडे हर्बर्ट रिस्ले नाकांची मापे घेऊन जातींची उतरंड वंशावर बसवत होता. बाबासाहेबांनी १९४८ च्या 'द अनटचेबल्स' या ग्रंथात अशीच मापे तपासली आणि त्याच आकड्यांनी दाखवले की ब्राह्मण आणि अस्पृश्य हे वेगळे वंश नाहीत. मोजपट्टी त्यांची, निष्कर्ष मात्र त्यांच्याविरुद्ध. इटलीत असाच प्रतिवाद अंतोनियो ग्राम्शी या सार्डिनियाच्या माणसाने केला. १९२६ मध्ये लिहिलेल्या दक्षिणेच्या प्रश्नावरील निबंधात त्याने मांडले की दक्षिणेचे मागासलेपण रक्तात नाही. ते उत्तरेचे भांडवलदार आणि दक्षिणेचे जमीनदार यांच्या युतीत आहे. ग्राम्शी आणि बाबासाहेब दोघांचा जन्म १८९१ चा. ग्राम्शी तो निबंध अपुरा ठेवून तुरुंगात गेला. त्यानंतर काही महिन्यांतच, मार्च १९२७ मध्ये, बाबासाहेब महाडला पोहोचले. दोघांची भेट झाली नाही, पण दोघांनीही दारिद्र्याचे कारण दरिद्री माणसाच्या शरीरात शोधायला नकार दिला.

सरकारला दया आली नव्हती

सास्सीच्या कहाणीत नेहमी पुढाऱ्यांच्या भेटी सांगतात. १९४८ मध्ये कम्युनिस्ट नेते तोल्याती येऊन गेले, १९५० मध्ये पंतप्रधान दे गास्पेरी आले, त्यांनी गुहा पाहिल्या, मन हेलावले आणि १९५२ मध्ये कायदा झाला. ही कहाणी अर्धी आहे.

उरलेली अर्धी जमिनीवर घडली. दुसऱ्या महायुद्धानंतर दक्षिण इटलीतले भूमिहीन मजूर जमीनदारांच्या पडीक जमिनींवर घुसून नांगर धरू लागले. ऑक्टोबर १९४९ मध्ये कालाब्रियातल्या मेलिस्सा गावात पोलिसांनी गोळीबार करून तिघांना मारले. डिसेंबरमध्ये माटेरापासून जवळच असलेल्या मोंतेस्काल्योझो इथे ज्युसेप्पे नोवेल्लो हा शेतमजूर पोलिसांच्या गोळीला बळी पडला. पंतप्रधान माटेरात आले ते यानंतर. ऑक्टोबर १९५० मध्ये जमीन सुधारणेचा कायदा झाला आणि १७ मे १९५२ रोजी सास्सी रिकामी करण्याचा ६१९ क्रमांकाचा कायदा. सरकारला घाई झाली ती मजुरांच्या लढ्यामुळे. गुहेतली मुले त्याआधीही मरतच होती.

त्याच दशकाच्या शेवटी, १९५९ मध्ये, दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांचा सत्याग्रह खानदेश-मराठवाड्यात पेटला. पुढे १९६४ मध्ये तो देशभर गेला. आपल्याला मिळालेले पडीक जमिनीचे तुकडेही कुणी दयेने दिलेले नाहीत.

कायद्यानंतर सुमारे १५ हजार माणसे सास्सीतून हलवली गेली. ला मार्तेल्ला, सेर्रा वेनेर्दी, स्पिने बियांके अशा नव्या वसाहती उभ्या राहिल्या. वास्तुरचनाकार चांगले होते, हेतूही बरे होते. लुदोविको क्वारोनी आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ला मार्तेल्लात घराशेजारी वेगळा गोठा दिला, जुन्या चौकाची आठवण राहावी अशी रचना केली. नळ आला, संडास आला, खिडकी आली. बाळे जगू लागली. हे मोठेच झाले. गुहेतले जीवन किती 'एकोप्याचे' होते म्हणून हळहळणाऱ्यांना आम्ही सांगू: खेचराच्या शेणाच्या उबेत बाळंतपण करणाऱ्या बाईला आधी विचारा.

आणि तरीही हिशेब पूर्ण होत नाही. शेकडो वर्षे एका चौकात राहिलेली माणसे वेगवेगळ्या वसाहतींत विखुरली. ला मार्तेल्ला शहरापासून काही किलोमीटर दूर पडले. जमिनीचे वाटप झाले, पण वाट्याला आलेले तुकडे पोट भरायला पुरेनात. अनेक जण तुरीन-मिलानच्या कारखान्यांत, बेल्जियमच्या खाणीत, जर्मनीत गेले. तुरीनमध्ये भाड्याच्या घरांवर पाट्या होत्या: दक्षिणेकडच्यांना घर मिळणार नाही. मुंबई-पुण्यात आडनाव विचारून खोली नाकारली गेलेल्या आपल्या पोरांना त्या पाटीची भाषा इटालियन न शिकताच कळेल.

सर्वांत मोठी गोष्ट आणखी वेगळी आहे. सरकारने वस्तीला 'लाज' म्हटले. जमिनी गिळणाऱ्यांना कुणी लाज म्हटले नाही, क्विनाइन न पोहोचवणाऱ्या सरकारी खात्यांनाही नाही. लाज ठरल्या त्या गुहा, आणि गुहांमधून ती चिकटली गुहेत राहणाऱ्यांना. गुन्हा केला एकाने, मान खाली घातली दुसऱ्याने.

लाजेचा वारसा होताना

सास्सी रिकामी झाली. बहुतेक मालमत्ता सरकारजमा होती. तीसेक वर्षे ती ओस पडली, छपरे ढासळली. शहरातल्या काही तरुणांनी १९५९ मध्ये 'ला स्कालेत्ता' नावाचे मंडळ स्थापन करून गुहाचर्चांची नोंद करायला सुरुवात केली. हे त्यांचे श्रेय आहे आणि ते द्यायलाच हवे. १९६४ मध्ये पासोलिनीने आपल्या येशूवरच्या चित्रपटासाठी माटेराला जेरुसलेम केले. १९८६ मध्ये सास्सीच्या जीर्णोद्धाराचा ७७१ क्रमांकाचा कायदा आला, त्यात १०० अब्ज लिरांची तरतूद होती. १९९३ मध्ये युनेस्कोने सास्सीला जागतिक वारसा घोषित केले. मेल गिब्सन आला, पुढे जेम्स बाँडची गाडीही या गल्ल्यांतून धावली. २०१९ मध्ये माटेरा युरोपची सांस्कृतिक राजधानी झाली.

जीर्णोद्धार करणाऱ्यांना गुहा दीर्घ मुदतीच्या कराराने मिळाल्या. ज्याच्याकडे भांडवल, वास्तुरचनाकार आणि बँकेची पत, तो पुढे गेला. घरे झाली, मग भाड्याच्या खोल्या झाल्या, रेस्टॉरंट झाली, हॉटेले झाली. पावावरचे लाकडी शिक्के आता आठवण म्हणून विकत मिळतात. भूक ओळखीची होती म्हणून तो शिक्का होता. आज तो फ्रिजवर चिकटवायची शोभेची वस्तू आहे.

आम्ही त्या एका हॉटेलावर खापर फोडत नाही. त्यांनी सिमेंट ओतून गुहा विद्रूप केल्या नाहीत, उलट जतन बारकाईने केले, हे मान्य करावे लागेल. काही मित्र म्हणतील, हॉटेल नसते तर गुहा पडल्या असत्या, गावाला रोजगार मिळाला नसता. यातही तथ्य आहे. पण आमचा प्रश्न दुरुस्तीच्या दर्जाचा नाही, मालकीचा आहे. १९५२ मध्ये सार्वजनिक पैशाने लोक हलवले. १९८६ नंतर सार्वजनिक पैशाने दगड सावरले. या दोन्हींतून जी किंमत वाढली, तिच्यात ज्यांच्या आजी-आजोबांनी त्या गुहांत मुले पुरली त्यांचा वाटा किती? चादर बदलणाऱ्या नोकरीला वाटा म्हणत नाहीत.

आणि काय काय जपले जाते तेही पाहा. काजळी जपली, भिंतीचा खडबडीतपणा जपला, गोठ्याच्या खुणा जपल्या. वास काढून टाकला, ओल काढून टाकली, मलेरिया काढून टाकला. आलेल्या पाहुण्याला गरिबीचा साधेपणा हवा असतो, गरिबी नको असते. सकाळी खोली सोडून जाता येते तेव्हाच गुहा सुंदर वाटते.

साम्य कुठे संपते

इथे सावध राहिले पाहिजे. माटेराचे मजूर अस्पृश्य नव्हते. त्यांच्या टाक्याला हात लागला म्हणून पाणी बाटत नव्हते. सास्सीतून तुरीनला गेलेल्याच्या नातवाने बोलीचा हेल टाकला की तो गर्दीत मिसळून गेला. आपल्याकडे गाव सोडले तरी जात पाठोपाठ शहरात येते, समुद्रापारही जाते. वर्गाची लाज पैशाने धुता येते, जातीची नाही. म्हणून दक्षिण इटलीचा प्रश्न आणि जातीचा प्रश्न एकच आहे असे जो म्हणेल त्याने बाबासाहेबांची श्रेणीबद्ध विषमतेची मांडणी वाचलेली नाही.

पण एक गोष्ट दोन्हीकडे सारखी आहे. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी खेड्याचे गोडवे गाणाऱ्यांना फटकारले. खेडे म्हणजे संकुचितपणाचे आणि अज्ञानाचे डबके, हे त्यांनी भर सभेत ऐकवले. खेड्याच्या प्रेमात कोण पडतो? जो वेशीच्या आत राहतो, किंवा जो खेडे सोडून फार वर गेला आहे. गावकुसाबाहेरचा माणूस पडत नाही. गुहेच्या प्रेमातही गुहेत राहिलेला माणूस पडला नव्हता.

आणि गुहांचा प्रश्न आपल्याला परका नाहीच. कार्ल्याच्या लेण्यावर दान देणाऱ्यांची नावे कोरलेली आहेत. धेनुकाकटचा सुतार सामी आहे, सुगंधी द्रव्यांचा व्यापारी सिंहदत्त आहे, यवन आहेत. कष्टकरी माणसाने दगडावर आपले नाव लिहून ठेवले. पुढे काय झाले? नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांना 'पांडवलेणी' म्हणायला लावले. लेण्याद्रीच्या बौद्ध विहारात गणपती बसला. दगड तोच राहिला, नाव बदलले आणि नावाबरोबर मालक बदलला. माटेरात बाजाराने जे केले ते आपल्याकडे धर्माने कितीतरी आधी केले आहे.

मग करायचे काय?

माटेराच्या जवळच त्रिकारिको गाव आहे. तिथल्या चांभाराचा मुलगा रोक्को स्कोतेल्लारो १९४६ मध्ये वयाच्या तेविसाव्या वर्षी गावाचा महापौर झाला. त्याने गावात रुग्णालय उभे करायला मदत केली, जमिनीच्या लढ्यात उतरला, खोट्या आरोपाखाली १९५० मध्ये तुरुंगात गेला आणि निर्दोष सुटला. १९५३ मध्ये तो तिशीत वारला. मागे त्याने एक अपुरे पुस्तक ठेवले, 'दक्षिणेचे शेतकरी'. त्यात शेतकऱ्यांनी स्वतःच्या तोंडाने सांगितलेली आयुष्ये आहेत. लेवीने सहानुभूतीने लिहिले, पण तो बाहेरचा होता. स्कोतेल्लारोने आतल्या माणसाला बोलते केले. दलित स्वकथने वाचून वाढलेल्या आपल्या पिढीला या दोन्हींतला फरक लगेच कळतो.

आज मुंबईत बीडीडी चाळी पाडून टॉवर उभे राहत आहेत. शहरोशहरी आपल्या वस्त्यांवर पुनर्विकासाचे नकाशे पसरले आहेत. आम्ही पुनर्विकासाच्या विरोधात नाही. संडासासाठी रांग लावणे ही संस्कृती नव्हे. आपल्या माणसांना उजेडाचे, हवेचे, स्वतःच्या नावावरचे घर मिळालेच पाहिजे. पण घर मिळवताना इतिहास सोडून द्यायचा नाही. परळच्या बीआयटी चाळीत बाबासाहेब दोन दशकांहून अधिक काळ राहिले. ती खोली कुणाच्या हौसेचे हॉटेल झाली तर आपण गप्प बसू का? मग ज्या खोल्यांत त्यांचे हजारो अनुयायी राहिले, जिथे रात्रशाळा चालल्या, जलसे बसले, पँथरच्या बैठका झाल्या, त्या खोल्यांबद्दल आपण इतके निष्काळजी का?

तरुण साथींनी हे काम आजच हाती घ्यावे. वस्ती पडण्याआधी म्हाताऱ्यांची बोलणी ध्वनिमुद्रित करा. कोणत्या खोलीत कोण राहिले याचा नकाशा काढा. वाचनालयाची रजिस्टरे, मंडळाची पावतीपुस्तके, जयंतीची निमंत्रणे रद्दीत जाऊ देऊ नका. पुनर्विकासाच्या करारात चौरस फुटांबरोबर वस्तीच्या संग्रहालयाची जागा मागा, आणि त्या संग्रहालयाचा कारभार रहिवाशांच्या हाती राहील हे लेखी घ्या. जमिनीची वाढलेली किंमत कुणाच्या खिशात जाते, हा प्रश्न प्रत्येक बैठकीत विचारा.

आणि मान खाली घालायचे बंद करा. आपला बाप झोपडीत जन्मला, आजी उकिरड्याच्या कडेला राहिली, हे सांगताना आवाज खाली जायचे कारण नाही. ती वस्ती आपल्याला ज्यांनी दिली, लाज त्यांची आहे. ती त्यांच्या नावानिशी इतिहासात लिहिली गेली पाहिजे, आणि लिहिणारा हात आपला असला पाहिजे.

जय भीम!